दारापुढची पाटी

नागपूर शहर मागे टाकून आग्नेयेकडील रस्त्याला लागले म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरांवर उमरेड लागते. पुढे हाच रस्ता भिवापूरवरून नागभीडकडे जातो. या वाटेवर प्रवाशाशी सारखे कोणी ना कोणी बोलत असते. आवाज मात्र कोणाचाच ऐकू येत नाही. कडेचा दगड गाव किती दूर राहिले ते सांगतो. त्याचा माथा पिवळा असला तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे आणि हिरवा असला तर राज्य महामार्ग आहे, हेही जाणत्या माणसाला त्यावरून कळते. वळणावरची खूण वाहनचालकाला सावध करते. गाव जवळ आले की मात्र एकच गर्दी उसळते. खताची दुकाने, बियाण्यांची दुकाने, दवाखाने, शिकवण्या, खानावळी, सायकल-दुरुस्ती, कऱ्हांडल्याच्या अभयारण्यास जाणाऱ्या पाहुण्यांना बोलावणारी निवासस्थाने. प्रत्येकाची पाटी रस्त्याकडे तोंड करून उभी असते. गाव ओलांडल्यावर त्यांपैकी किती आठवतात, हे ज्याने त्याने मोजून पाहावे. दोन-चार आठवल्या तरी पुष्कळ झाले.

आठवडी बाजारात बहुतेक विक्रेत्यांना पाटीची गरजच पडत नाही. वांग्यांचा ढीग स्वतःच वांग्यांची जाहिरात करतो. बुरूड आपल्या टोपल्या व सुपे वाटेपर्यंत मांडून ठेवतो. कुंभाराची मडकी लांबूनच ओळखू येतात. वाचता येणारी माणसे थोडी होती त्या काळी बराचसा व्यापार असाच चाले. उमरेड हे रेशीमकाठी कापडाच्या विणकामाबद्दल जुन्या काळापासून ओळखले जाणारे गाव; तेथे विणकराचा माग घराच्या आत असला तरी मागाचा आवाज दाराबाहेर येई आणि गिऱ्हाइकाला तेवढी खूण पुरे होई. अडचण येते ती ज्याच्यापाशी माल नसून केवळ काम असते त्याला. शिंपी, घड्याळे दुरुस्त करणारा, शिकवणी घेणारा, दळण दळणारा, यांचे कौशल्य ढीग करून ओट्यावर मांडता येत नाही. त्यांच्या वतीने पाटीलाच बोलावे लागते.

समजा, उमरेडहून भिवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीत एका बाईने कर्ज काढून मिरची कांडपाचे यंत्र घेतले आहे. तिचे घर रस्त्यापासून आत, पन्नास पावलांवर आहे. या भागात वर्षाचे तिखट घरोघर उन्हाळ्यात होते. नवी लाल मिरची आली की ती उन्हात कडकडीत वाळवायची, देठ खुडायचे आणि कांडून आणायची. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत, पावसाचे ढग जमण्यापूर्वी, हे काम उरकते. म्हणजे यंत्राला खरे काम वर्षातून चारच महिने. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने. या चार महिन्यांत गिऱ्हाईक दाराशी आले नाही, तर जुलैत त्याला बोलावून काय उपयोग?

म्हणून बाईने आरंभीच एक मोठा फ्लेक्स छापून आणला आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आपल्या कुंपणाला बांधला. सहा फूट लांब, चार फूट रुंद. त्यावर वरच्या अंगाला देवाचे चित्र होते. डावीकडे यंत्राचे, उजवीकडे मिरच्यांचे छायाचित्र होते. एका कोपऱ्यात बाईचे व मुलांचेही होते. मध्ये जांभळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत मजकूर होता : आमच्या येथे मिरची, हळद, धने व सर्व प्रकारचे मसाले आधुनिक यंत्रावर योग्य दरात व वेळेवर कांडून मिळतील, तरी एक वेळ अवश्य भेट द्यावी. त्याखाली पत्ता, दोन दूरध्वनी क्रमांक आणि सगळ्यांत खाली शुभेच्छा देणाऱ्या नातलगांची नावे. छापणाऱ्याने जागा उरली म्हणून चार फुलेही घातली होती.

पंधरा दिवस गेले. शेजारच्या तीन-चार बाया येऊन गेल्या. पण त्या पाटी नसती तरी आल्याच असत्या. मग एके दिवशी दुपारी एक म्हातारी मिरचीचे गाठोडे डोक्यावर घेऊन बसमधून उतरली. बाईची बारा वर्षांची मुलगी शाळेतून परत येत होती. म्हातारीने तिलाच विचारले, “पोरी, इथं कांडप कुठं होते वं?” फ्लेक्स म्हातारीच्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. तिने वळून त्याकडे पाहिलेही होते. तिला ते लग्नाचे अभिनंदन वाटले.

मुलगी हिरमुसली, पण गप्प बसली नाही. गावात एक वृद्ध पेंटर होते. त्यांनी उमेदीत गावातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. अलीकडे वाहनांचे क्रमांक आणि शाळेच्या भिंती एवढेच काम त्यांच्याकडे येत असे. त्यांना ती फ्लेक्सपुढे घेऊन आली. काकांनी तो जवळून पाहिला नाही. ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तेथून आणखी शंभर पावले दूर गेले, आणि वळून उभे राहिले. परत आल्यावर ते म्हणाले, “पोरी, पाटी वाचणारा उभा नसतो. तो चाललेला असतो.”

काकांचे म्हणणे गणिताने पडताळून पाहता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी बस एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते. पाटी २०० फुटांवरून वाचता येऊ लागली असे धरले, तर बसमधल्या माणसाला ती जेमतेम साडेतीन सेकंद दिसते. आणि पाटी अगदी बाजूला आल्यावर मान वळवावी लागते, म्हणून त्यांतलाही अर्धा सेकंद वजा करावा. तीन सेकंदांत मनुष्य तीन-चार शब्द सुखाने वाचतो. डोळा ओढून वाचणाराही सहा-सात शब्दांपलीकडे जात नाही. सायकलवाल्याला तेच अंतर तोडायला सुमारे १८ सेकंद लागतात आणि पायी चालणाऱ्याला पाऊण मिनिट. पायी चालणाराच गिऱ्हाईक आहे असे ठरले, तर पाटीवर थोडे अधिक लिहिता येते. पण या रस्त्याने बसने येणाऱ्या बाया, दुचाकीवर मागे बसलेल्या गृहिणी आणि कोळशाच्या खाणीकडे जाणारे कामगार जातात. त्यांच्यापुढे चाळीस शब्द धरणे म्हणजे चालत्या माणसाच्या हातात पोथी देण्यासारखेच होय.

अक्षर किती मोठे असावे, याचाही काकांचा एक ठोकताळा होता : ३० फुटांमागे एक इंच. २०० फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षराची उंची सुमारे सात इंच हवी. हा ठोकताळा कोठून आला, हे डोळ्यांच्या दवाखान्यातील तक्त्यावरून समजते. तेथे रुग्णाला सहा मीटरांवर बसवतात, आणि ज्या ओळीतली सुमारे नऊ मिलिमीटर उंचीची अक्षरे त्याला वाचता आली तर त्याची नजर निकोप समजतात, ती ओळ म्हणजे डोळ्याच्या शक्तीची जवळजवळ सीमा. त्या हिशेबाने एक इंचाचे अक्षर ५७ फुटांवरूनही वाचता यायला हवे. पण दवाखान्यात मनुष्य स्वस्थ बसलेला असतो, उजेड पुरेसा असतो आणि तो मुद्दाम वाचत असतो. रस्त्यावर धूळ असते, ऊन डोळ्यांवर येते, आणि वाचण्याची कोणाला गरज नसते. म्हणून पेंटर ते अंतर निम्म्यावर आणतात. तक्ता तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाने जे मोजून काढले त्याच्या आसपास हे लोक केवळ अनुभवाने पोचले, ही गोष्ट कौतुकाची आहे.

मग काकांनी मुलीला पाटीपेन्सिल घेऊन बसवले आणि फ्लेक्सवरचा सगळा मजकूर लिहून काढायला सांगितला. एकेक शब्द घेऊन ते विचारीत, “हा गेला तर म्हातारी चुकेल का?” ‘आमच्या येथे’ गेले, पाटी जेथे आहे तेथेच ते असणार. ‘आधुनिक यंत्रावर’ गेले. ‘योग्य दरात’ गेले, कारण आपला दर अयोग्य आहे असे कोणीच लिहीत नाही. ‘अवश्य भेट द्यावी’ हेही गेले. नातलग गेले, फुले गेली. दूरध्वनी क्रमांकाशी मुलगी अडून बसली. तेव्हा काकांनी तोड काढली. पाट्या दोन करायच्या. एक गल्लीच्या तोंडाशी, दूरून वाचण्याची. दुसरी घराच्या दारावर, उभे राहून वाचण्याची. दर, वेळ, क्रमांक, हळद-धन्यांचा उल्लेख हे सारे दारावरच्या लहान पाटीवर जाईल. गल्लीच्या तोंडाशी उरले ते एवढेच : ‘मिरची कांडप’, एक बाण आणि ‘५० पावले’. शेवटचे दोन शब्द मुलीने सुचवले होते. गाठोडे घेऊन आलेल्या माणसाला आत किती चालावे लागेल ही धास्ती असते, हे तिने म्हातारीच्या तोंडावर पाहिले होते.

शब्द निवडताना ते कोणाच्या तोंडचे आहेत, हेही पाहावे लागते. पुण्याकडे ज्याला पिठाची गिरणी म्हणतात, त्याला उमरेडात चक्की म्हणतात. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणण्याची रीत आहे. भाजीच्या दुकानावर ‘सांबार’ लिहिलेले पाहून दक्षिणी आमटीच्या आशेने आत शिरणारा पाहुणा फसला, तर तो दोष पाटीचा नव्हे. शेंगदाण्याला फल्ली म्हणणाऱ्या गावात पाटीवरही फल्लीच शोभते. उलट अभयारण्याच्या वाटेवरील खानावळीला परगावच्या माणसाचा विचार करावा लागतो. ज्याला बोलवायचे, त्याच्या बोलीत बोलवावे, एवढे साधे गणित यामागे आहे. शुद्धलेखनाची गोष्ट मात्र वेगळी. ‘दूध’ या शब्दातला दू दीर्घ आणि ‘गिरणी’तला गि ऱ्हस्व, हे कोणत्याही गावात बदलत नाही. वहीतली चूक एकट्या गुरुजींना दिसते. पाटीवरची चूक दहा वर्षे साऱ्या गावाला दिसते.

येथे मुलीला एक युक्ती सुचली. ‘मिरची कांडप’ याच्यावर ‘अस्सल भिवापुरी’ असे घालावे. भिवापूर उमरेडच्या शेजारचे. तेथल्या मिरचीचा रंग व तिखटपणा दूरवर प्रसिद्ध. हे नाव वाचले की गाड्या थांबतील, यात शंका नव्हती. बाईलाही ते पटले, कारण कांडून देण्याबरोबर ती थोडे तयार तिखटही विकीत असे. काकांनी कुंचला खाली ठेवून विचारले, “तिखटाची मिरची कुठली असते, ताई?” ती नागपूरच्या कळमना बाजारातून आणलेली असे. त्या बाजारात मिरची दूरदूरच्या मुलखांतून येते. कोणते पोते कोठले, हे बाईलाही सांगता आले नसते.

भिवापुरी हे नुसते विशेषण नाही. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एखाद्या प्रदेशाच्या मातीमुळे, हवेमुळे व तेथील लोकांच्या मेहनतीमुळे एखाद्या वस्तूला जो वेगळा गुण येतो, त्याचे नाव तेथल्याच उत्पादकांनी वापरावे, यासाठी भारत सरकारने १९९९ साली कायदा केला. नागपूरच्या संत्र्यालाही असे मानांकन आहे. दुसरीकडचा माल या नावाखाली विकणे हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा ठरतो. पण कायदा नसता तरी प्रश्न उरलाच असता. भिवापूरचा शेतकरी ज्या नावावर चार पैसे अधिक मागतो, ते नाव कळमन्याच्या पोत्यावर चिकटवले की त्याच्या मिरचीची किंमत तेवढी उतरते. आणि तो शेतकरी याच रस्त्याने, याच पाटीसमोरून, बाजाराला जात असतो. मुलीने थोडा वेळ विचार केला आणि शब्द पुसून टाकले. भिवापूरच्या बाया आपली मिरची घेऊन कांडायला आल्या, तर ती भिवापुरीच असेल. ते पाटीवर लिहिण्याची गरज नाही, असे ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडी खंत होती, ती काकांनी ओळखली आणि काही बोलले नाहीत.

आता अक्षरांची पाळी आली. देवनागरी लिपी पाटीवर लिहिणे हे इंग्रजी अक्षरे लिहिण्याहून अवघड काम आहे. इंग्रजीतली मोठी अक्षरे एका उंचीची, एका ओळीत उभी असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार आणि अक्षराखाली उकार येतात. सात इंचांच्या अक्षराला वर-खाली मिळून आणखी चार इंच सोडावे लागतात. ते सोडले नाहीत, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर पाय देतो. शिवाय काही अक्षरे एकमेकांची जवळची नातलग आहेत. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांतला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीत किंवा एका लहान गाठीत असतो. जवळून तो सहज दिसतो. दूरून ती फट बुजते. मग ‘धान’ लिहिलेले कोणी ‘घान’ वाचतो, आणि ‘भात’ कोणाला ‘मात’ दिसतो. ख हे अक्षर सैल लिहिले तर त्याचे ‘रव’ होते. म्हणून जाणता पेंटर ही फट मुद्दाम थोडी रुंद ठेवतो, अक्षराच्या पोटातली पोकळी मोठी ठेवतो आणि रेघ फार जाड करीत नाही. जाड रेघ दुरून ठळक दिसते असे पुष्कळांना वाटते. ते एका मर्यादेपर्यंत खरे. त्यापुढे अक्षराचे पोटच भरून जाते आणि उरतो तो केवळ काळा ठिपका.

काकांनी पत्र्यावर आडव्या रेघा पाडल्या त्या सुताने. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, दोन टोके घट्ट धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. सरळ पांढरी रेघ उमटते. मग त्यांनी खडूने अक्षरांचा सांगाडा काढला, मनगटाखाली एक काठी टेकवली आणि रंगात बुडवलेला ब्रश एका दमात शिरोरेषेवरून ओढला. हात कापत होता; रेघ कापली नाही. या विद्येतून महाराष्ट्रात मोठमोठी माणसे घडली आहेत. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) चित्रकारीवरूनच ‘बाबूराव पेंटर’ म्हणून ओळखले गेले आणि पुढे त्यांनी मूकपट काढले. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाचे प्रचंड फलक रंगवून पोट भरले. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाच्या नावाला त्याच्या स्वभावाचे अक्षर देणारे कमल शेडगे २०२० साली निवर्तले. गावोगावच्या साध्या पेंटरांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. कधीमधी पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरांत, तेवढी सापडतात.

मराठी अक्षरांना आता कायद्याचेही पाठबळ आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे लहान दुकानांसह सर्वांची नावाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असली पाहिजे. दुसऱ्या भाषेतही नाव लिहायचे झाल्यास मराठी अक्षरे त्याहून लहान असता कामा नयेत. बाईच्या पाटीला या नियमाची आठवण करून देण्याचे कारणच नव्हते.

रंगांविषयी प्रत्येकाला वाटते की जेवढे अधिक, तेवढे आकर्षक. वस्तुतः पाटी वाचली जाते ती रंगामुळे नव्हे, तर गडद व फिकट यांतील फरकामुळे. जांभळ्यावर लाल हे दोन्ही गडद. छायाचित्रात शोभले तरी उन्हात एकमेकांत मिसळतात. तांबड्यावर हिरवा तर त्याहून वाईट, कारण काही माणसांच्या, विशेषतः पुरुषांच्या, डोळ्यांना जन्मतःच तांबड्या-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. भारतातील रेल्वेस्थानकांची नावे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. नागपूर-नागभीड ही उमरेडवरून जाणारी अरुंद लोहमार्गाची गाडी, मार्गाचे रुंदीकरण करण्यासाठी २०१९ साली बंद झाली. पण त्या पिवळ्या पाट्या लोकांच्या डोळ्यांपुढे अजून आहेत. काकांनीही पिवळ्यावर काळे हेच ठरवले. मुलीला निदान मिरची तरी लाल हवी होती. तेव्हा बाणाच्या शेपटाला एक लाल मिरची काढण्याचे ठरले. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ती ओळखू आली असती.

लाल रंग मात्र उन्हात फार दिवस टिकत नाही, हे काकांनी आधीच सांगून ठेवले. नागपूरच्या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगाचे कण मोडतात, आणि बाजारातल्या पुष्कळशा भडक लाल-गुलाबी रंगांवर त्यांचा घाला आधी पडतो. काजळीपासून केलेला काळा रंग उन्हाला दाद देत नाही. गेरूही देत नाही, कारण तो मुळात लोखंडाचा गंज आहे. जे आधीच गंजले, त्याचे ऊन आणखी काय बिघडवणार? खेड्यापाड्यांच्या भिंतींवर गेरूने व काळ्याने लिहिलेल्या जुन्या जाहिराती वर्षानुवर्षे का वाचता येतात, याचे हे एक कारण आहे.

फ्लेक्सला सरसकट नावे ठेवणे न्यायाचे नाही. तो स्वस्त असतो, तासाभरात छापून मिळतो, आणि तीन दिवसांच्या जत्रेसाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यासारखे सोयीचे दुसरे काही नाही. पण उमरेडच्या उन्हात त्याचा रंग लवकर उडतो आणि काठ चिरतात. मग तो गोठ्यावर किंवा सरपणावर झाकण म्हणून जातो, आणि शेवटी ओढ्यात. ते प्लास्टिक कुजत नाही; जाळले तर विषारी धूर होतो. म्हणून १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या व पीव्हीसीच्या फलकांवर बंदी आली. पत्र्याची पाटी पहिल्या दिवशी महाग पडते. पत्रा घासायचा, त्यावर गंज न चढावा म्हणून रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की पिवळ्या ऑइलपेंटचे दोन हात, आणि मग अक्षरे. परंतु अशी पाटी पाच-सात वर्षे उभी राहते, आणि रंग फिका झाला की त्याच अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवता येतो.

पाटी कोठे लावावी, हा शेवटचा प्रश्न. आणि त्यातच माणसे अधिक चुकतात. समोर कडुलिंबाचे झाड होते. बाईच्या धाकट्या मुलाने खिळे व हातोडी आणलीदेखील. झाडाच्या सालीच्या आतूनच त्याचे अन्न वाहत असते. खिळा तेथेच घुसतो आणि जखमेतून कीड शिरते, हे त्याला समजावून सांगावे लागले. विजेच्या खांबाला, शाळेच्या भिंतीला किंवा दिशादर्शक फलकाला पाटी बांधणे तर सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण होते. महाराष्ट्रात १९९५ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. रस्त्याची हद्द रस्त्याची, आणि तेथे काही उभे करायचे झाल्यास परवानगी लागते. वळणावर उभी केलेली पाटी समोरून येणारे वाहन झाकते. असल्या पाटीने गिऱ्हाईक बोलावले तरी एखाद्याचा जीव जाऊ शकतो. बाईच्या कुंपणाच्या आत, गल्लीच्या कोपऱ्याशी, दोन हात जागा होती. ती सगळ्यांत बरी.

वाऱ्याचाही विचार करावा लागला. चार फूट लांब व तीन फूट उंच पत्र्यावर ताशी ६० किलोमीटरांचा वारा समोरून आदळला, तर त्याचा रेटा सुमारे २० किलो वजनाएवढा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणजे ८० किलो. एक मोठा मनुष्य पाटीवर रेलून उभा आहे असे समजावे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात एक जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसे मृत्युमुखी पडली. नियमाप्रमाणे फलक ४० फूट लांब व ४० फूट रुंद असायला हवा होता. तो १२० फूट लांब व तितकाच रुंद होता. प्रत्येक बाजू तिप्पट, म्हणजे वाऱ्याला अडवणारे क्षेत्र नऊपट. त्याच्या तुलनेने बाईची पाटी म्हणजे खेळणे; तरी काकांनी लोखंडी कोनांचे दोन पाय दोन-दोन फूट जमिनीत पुरून भोवती खडी व सिमेंट भरायला लावले, आणि ते तीन दिवस सुकेपर्यंत पाटी चढवू दिली नाही.

चौथ्या दिवशी पाटी चढली. मुलगी धावत रस्त्यापलीकडे गेली आणि काकांसारखी शंभर पावले लांब जाऊन वळली. ‘मिरची कांडप’ स्वच्छ दिसत होते. मग ती उलट दिशेला, भिवापूरच्या अंगाला चालत गेली. तेथून कडुलिंबाची एक फांदी आड येत होती; ती चालली असती. पण फांदीच्या खालून दिसत होती ती पाटीची पाठ, आणि पाठ कोरी होती. उमरेडहून जाणाऱ्याला पाटी दिसणार, भिवापूरहून येणाऱ्याला नाही. ज्यांच्या मिरचीची एवढी कीर्ती, त्यांनाच ती दिसत नव्हती. मुलीने हे येऊन सांगितले तेव्हा काका स्वतःवरच चिडले. पन्नास वर्षे पाट्या रंगवणाऱ्याची ही चूक नव्हे, असे पुटपुटत त्यांनी डबा पुन्हा उघडला. पाठीमागच्या बाजूचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. बाण मात्र उलट्या दिशेला काढायचा होता, हे मुलीने दोनदा बजावले.

जूनचा पहिला पाऊस पडला आणि कांडप थांबले. मुलीने व तिच्या भावाने पाटी पायांवरून सोडवली, ओल्या फडक्याने तिच्यावरची तिखटाची तांबूस धूळ पुसली आणि ती पडवीत भिंतीशी उभी करून ठेवली. उजव्या कोपऱ्यात, लाल मिरचीच्या देठाखाली, काकांनी आपले नाव लिहिले होते. ते तिला त्या दिवशी प्रथमच दिसले.